आधी पाणी शांत बसू द्या: एसपीएच पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी

एसपीएच, म्हणजे कणांनी पाणी बनवायची पद्धत, वापरून लिहिलेला माझा पहिला प्रोग्राम भुईनळ्यासारखा उडाला. नऊशे ठिपके पडद्यावर रांगेत छान उभे होते. मी रन केलं आणि पापणी लवायच्या आत सगळे चारी दिशांना गायब. पुढच्या तीन रात्री मी सूत्रं तपासत बसलो. सूत्रं बरोबर होती. चूक एका ओळीत होती: प्रत्येक कणाचं वस्तुमान मी १ लिहून ठेवलं होतं, "नंतर बघू" म्हणून. ते ०.१ हवं होतं. दहापट वस्तुमान म्हणून दहापट घनता, आणि जिथे जेमतेम तीन हजार पास्कल दाब असायला हवा तिथे ८१ लाख पास्कल.

तुमच्या त्या तीन रात्री वाचाव्यात म्हणून हे लिहितोय. बहुतेक शिकवण्या उसळणाऱ्या, फेसाळणाऱ्या पाण्यापासून सुरू होतात. मी उलटीकडून जाणार आहे. शिंपडणारं पाणी चुकीच्या प्रोग्राममधूनही दिसतं, कारण कण इकडेतिकडे उडाले की डोळा फसतो. टाकीत गुपचूप उभं असलेलं पाणी मात्र फसवत नाही. म्हणून आधी ते साधायचं. धरण फोडायचं, म्हणजे अडवलेलं पाणी एकदम सोडून द्यायचं, ते नंतर.

तुम्हाला लूप आणि ॲरे येतात, बारावीचं भौतिकशास्त्र धूसर का होईना आठवतंय, एवढं मी धरून चालतो. सगळं द्विमितीत करू. त्रिमितीचा मोह आवरा, त्याबद्दल शेवटी बोलू.

ठिपका म्हणजे नक्की काय

वाहतं पाणी बघायच्या दोन तऱ्हा आहेत. एक, पुलाच्या कठड्याला टेकून उभं राहायचं आणि खालून पाणी किती वेगाने जातंय ते त्याच जागी टिपत राहायचं. ही जाळीची, म्हणजे ग्रिडची पद्धत. दुसरी, नदीत दिवा लावून द्रोण सोडायचा आणि तो कुठे कुठे जातो त्याच्यावर नजर ठेवायची. ही कणांची पद्धत. एसपीएच, म्हणजे स्मूद्ड पार्टिकल हायड्रोडायनॅमिक्स, या दुसऱ्या तऱ्हेतली.

गंमत म्हणजे ती पाण्यासाठी जन्मलीच नाही. १९७७ मध्ये लिऑन ल्युसी यांनी, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे रॉबर्ट गिंगोल्ड आणि जो मोनाहन यांनी, ती ताऱ्यांच्या अभ्यासासाठी मांडली. अवकाशातल्या वायूच्या गोळ्याला ना टाकी ना भिंत, आणि आजूबाजूची बहुतेक जागा रिकामी. तिथे जाळी अंथरून रिकाम्या चौकटी मोजत बसण्यापेक्षा जिथे वायू आहे तिथेच कण ठेवणं शहाणपणाचं. मोकळ्या पृष्ठभागाचं पाणी मोनाहन यांनी १९९४ मध्ये या पद्धतीत आणलं. पुढे २००३ मध्ये मॅथियास म्युलर आणि सहकाऱ्यांनी ती संगणकावर हाताने खेळवता येईल इतकी सुटसुटीत केली. खालची वजनाची सूत्रं त्यांच्याच घराण्यातली आहेत, फक्त द्विमितीसाठी स्थिरांक बदललेले.

कण म्हणजे पाण्याचा रेणू नव्हे. आपल्या उदाहरणात एक कण म्हणजे एक सेंटीमीटर लांब, एक सेंटीमीटर उंच आणि पडद्याच्या आत एक मीटर खोल अशी पाण्याची कांडी. वजन १०० ग्रॅम. त्या कांडीला जागा आहे, वेग आहे, आणि शेजारी आहेत. घनता आणि दाब तिला स्वतःचे नसतात, ते शेजाऱ्यांकडून विचारून घ्यावे लागतात. अख्खी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

पायरी १: आकडे कागदावर

कोड उघडण्याआधी कागद घ्या. सगळं मीटर, किलो, सेकंदात. पिक्सेलमध्ये भौतिकशास्त्र लिहू नका. पडद्यावर काढताना शेवटी गुणा, तोवर पिक्सेलला दाराबाहेर उभं करा.

पाण्याचा चौकोन ०.३ मीटर रुंद, ०.३ मीटर उंच. कणांतलं अंतर ०.०१ मीटर. म्हणजे ३० गुणिले ३०, नऊशे कण. घनता १००० किलो प्रति घनमीटर, म्हणून एका कणाचं वस्तुमान १००० × ०.०१ × ०.०१ = ०.१ किलो. हाच तो आकडा.

आता पोहोच, तिला ह म्हणू. कण किती दूरच्या शेजाऱ्याला विचारतो ते अंतर. मी कणांतल्या अंतराच्या तिप्पट घेतो, ०.०३ मीटर. दुप्पट घेतली तर शेजारी अपुरे पडतात आणि घनता थरथरते. चौपट घेतली तर सगळं गुळगुळीत होतं आणि संगणक दमतो.

पायरी २: घनता, आणि पाठ करायचे तीन आकडे

जवळच्या शेजाऱ्याचं मत जास्त मोजायचं, लांबच्याचं कमी, पोहोचीबाहेरच्याचं शून्य. हे वजन देणाऱ्या सूत्राला कर्नल म्हणतात. लष्करातला नव्हे, बदामातला गर म्हणा. घनतेसाठी आपला कर्नल असा (पाय म्हणजे वर्तुळातला π, ३.१४):

वजन = ४ ÷ (पाय × ह^८) × (ह^२ − अंतर^२)^३

आणि घनता = सगळ्या शेजाऱ्यांच्या (वस्तुमान × वजन) ची बेरीज, स्वतःला धरून.

सूत्रात अंतराचा वर्गच येतो, त्यामुळे वर्गमूळ काढायची गरज पडत नाही. म्हणून हे सूत्र घनतेसाठी लाडकं.

आता हे हाताने करून बघू, कारण इथेच बहुतेकांचा पाया कच्चा राहतो. अंतराचं एकक कणांतलं अंतर धरा, म्हणजे ह = ३ आणि ह^२ = ९. चौकोनाच्या मधोमध बसलेल्या कणाला शेजारी किती? तो स्वतः एक, अंतर शून्य, ९ चा घन ७२९. आडवे-उभे लगतचे चार, प्रत्येकी ८ चा घन ५१२, मिळून २०४८. तिरपे चार, ७ चा घन ३४३, मिळून १३७२. दोन घरं सोडून चार, ५ चा घन १२५, मिळून ५००. बुद्धिबळातल्या घोड्याच्या चालीवर आठ, ४ चा घन ६४, मिळून ५१२. कोपऱ्यातले लांबचे चार, प्रत्येकी १, मिळून ४. बेरीज ५१६५. बाहेरचा गुणक ४ ÷ (पाय × ६५६१), म्हणजे ०.०००१९४०६. गुणाकार १.००२३. म्हणजे घनता १००२.

पाण्याची घनता १००० हवी होती आणि पंचवीस कणांच्या मतदानातून १००२ आली. मला हे पहिल्यांदा जमलं तेव्हा धरण फोडल्यापेक्षा जास्त आनंद झाला होता.

हाच हिशेब वरच्या काठावरच्या कणासाठी केला तर ६९५ येते, कारण वरचे शेजारीच नाहीत. अगदी कोपऱ्यातल्या कणाची ४८०. तर १००२, ६९५, ४८० हे तीन आकडे कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. कण अजून हललेले नसताना प्रोग्रामने हेच छापले पाहिजेत. मधल्या कणाची ८६१ आली तर बेरजेत स्वतःला धरायला विसरलात. ४१ हजारांच्या घरात काही आलं तर कुठूनतरी त्रिमितीचं सूत्र उचललंय, त्याचा स्थिरांक वेगळा असतो. १०,०२३ आली तर, अर्थातच, माझ्यासारखं वस्तुमान १ ठेवलंय.

एक बारकावा. १००२ आणि १००० मधला दोनचा फरक किरकोळ वाटतो, पण पुढच्या पायरीत तो दोन हजार पास्कलांचा नाहक दाब होऊन बसतो. म्हणून वस्तुमान ०.१ ऐवजी ०.०९९७७ करा. मधला कण बरोब्बर १००० वर येतो.

पायरी ३: दाब

पाणी दाबलं जात नाही असं आपण शाळेत शिकलो. इथे ते थोडंसं दाबलं जाऊ द्यायचं आणि दाबलं गेल्याची शिक्षा म्हणून दाब उभा करायचा:

दाब = क × (घनता − १०००)

क किती? नेटवरून उचललेल्या कोडमध्ये इथे २००० किंवा असाच एखादा आकडा असतो आणि त्याचं कारण कुणी सांगत नाही. कारण आहे. क म्हणजे आपल्या बनावट पाण्यातल्या आवाजाच्या वेगाचा वर्ग. खऱ्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १४८० मीटर जातो. तो आकडा वापरला तर वेळेचं पाऊल, म्हणजे एका हिशेबापासून पुढच्या हिशेबापर्यंतचा वेळ, चार मायक्रोसेकंदांवर येतं आणि एका सेकंदाच्या पाण्यासाठी अडीच लाख पावलं टाकावी लागतात. त्यामुळे लबाडी करायची: पाणी जास्तीत जास्त ज्या वेगाने धावेल त्याच्या दहापट आवाजाचा वेग ठेवायचा. मग घनता साधारण एक टक्क्याच्या आत राहते आणि डोळ्याला ते कळत नाही. ०.३ मीटर उंचीवरून पडलेलं पाणी साधारण २.४ मीटर प्रति सेकंदाने धावतं. त्याची दहापट २४, हात थोडा सैल सोडून ३०. म्हणून क = ९००.

पडताळा घेऊ. तळाशी दाब १००० × ९.८ × ०.३ = २९४० पास्कल हवा. त्यासाठी घनता २९४० ÷ ९०० = ३.३ ने वाढावी लागेल, म्हणजे टक्क्याचा एक तृतीयांश. चालेल.

आता खड्डा. पृष्ठभागावरच्या कणाची घनता ६९५ च्या आसपास आहे हे आपण पाहिलं. सूत्रात टाका: दाब उणे पावणेतीन लाख पास्कल. तळाच्या दाबाच्या नव्वदपटींहून जास्त, आणि तोही ओढणारा. हा दाब खोटा आहे. वर शेजारी नाहीत म्हणून घनता कमी भासते, पाणी ताणलं गेलंय म्हणून नव्हे. तो तसाच ठेवला तर पृष्ठभागाचे कण एकमेकांना चिकटून गोळ्या होतात. उपाय एका ओळीचा: दाब शून्याच्या खाली गेला तर शून्य धरा. याची थोडी किंमत मोजावी लागते. वरचे एकदोन थर आपली कमी भरून काढायला किंचित जवळ सरकतात आणि पाण्याची पातळी जराशी खाली बसते. सुरुवातीला मी हे चूक समजून शोधत बसलो होतो, तुम्ही बसू नका.

पायरी ४: ढकलाढकली

दाब जास्त तिकडून कमी तिकडे ढकललं जायचं. दाबासाठी कर्नल वेगळा घ्यायचा. घनतेचा कर्नल माथ्यावर सपाट आहे, त्यामुळे दोन कण अगदी जवळ आले की त्याचा उतार शून्य होतो आणि ढकलणारं बळ नेमकं गरजेच्या वेळी संपतं. कण जोडीजोडीने चिकटलेले दिसले की समजा उतार चुकीच्या कर्नलचा घेतलाय. टोकदार कर्नलचा उतार असा:

उतार = ३० ÷ (पाय × ह^५) × (ह − अंतर)^२

आणि एका शेजाऱ्यामुळे मिळणारा प्रवेग:

वस्तुमान × (माझा दाब ÷ माझी घनता^२ + त्याचा दाब ÷ त्याची घनता^२) × उतार

दिशा शेजाऱ्यापासून माझ्याकडे, म्हणजे दूर लोटणारी. कंसातली बेरीज अशी मांडली की मी त्याला जेवढं ढकलतो तेवढंच तो मला ढकलतो. न्यूटनचा तिसरा नियम आपोआप सांभाळला जातो. तपासायला गुरुत्वाकर्षण आणि भिंती काढून टाका आणि सगळ्या कणांच्या संवेगाची बेरीज छापा. ती शून्यावरून हलली तर कुठेतरी एकाच बाजूने ढकललं जातंय.

दिशा काढताना अंतराने भागावं लागतं. स्वतःला वगळा, आणि अंतर जवळजवळ शून्य असेल तर ती जोडी सोडून द्या. शून्याने भागलं की नॅन (NaN, म्हणजे "हा आकडाच नव्हे" असं उत्तर) जन्माला येतो, आणि नॅन साथीच्या रोगासारखा असतो: एका कणाला झाला की पुढच्या पावलात त्याच्या चोवीस शेजाऱ्यांना, आणि थोड्याच पावलांत अख्ख्या टाकीला.

मग चिकटपणा. शेजाऱ्याचा वेग आणि माझा वेग यांतला फरक हळूहळू पुसायचा:

(म्यू ÷ माझी घनता) × वस्तुमान × (त्याचा वेग − माझा वेग) ÷ त्याची घनता × ४० ÷ (पाय × ह^५) × (ह − अंतर)

म्यू म्हणजे चिकटपणाचा आकडा. खऱ्या पाण्याचा म्यू ०.००१ आहे. तो टाकलात तर कण अस्वस्थ मुंग्यांसारखे वळवळत राहतील, कारण एक सेंटीमीटरच्या कणांना बारीक भोवरे झेपत नाहीत. म्यू = २ पासून सुरू करा. आकड्याने बघाल तर हा पातळ मधाचा चिकटपणा आहे, तरी पडद्यावर ते पाणीच वाटतं.

पायरी ५: पाऊल टाकणं

आधी वेग बदला, मग त्या नव्या वेगाने जागा बदला. हा क्रम उलटा केला, म्हणजे जुन्या वेगाने जागा बदलली, तर दर पावलाला थोडी ऊर्जा फुकट शिरते आणि दोन मिनिटं बरं दिसणारं पाणी हळूहळू उकळायला लागतं.

पाऊल केवढं? आवाज अर्धी पोहोच ओलांडायला जो वेळ घेईल त्याच्या ०.४ पट: ०.४ × ०.०१५ ÷ ३० = ०.०००२ सेकंद. एका सेकंदाला पाच हजार पावलं. चित्र सेकंदाला २५ वेळा काढायचं, म्हणजे दर २०० पावलांनी एकदा. नवशिके दर पावलाला चित्र काढतात आणि मग पाणी मंद का म्हणून विचारतात.

प्रोग्राम उडाला तर पहिलं औषध हे: पाऊल निम्मं करा. उडणं थांबलं तर दोष पावलाचा. तसंच उडत राहिलं तर दोष सूत्राचा किंवा आकड्यांचा. एवढ्या एका चाचणीने शोधायची जागा अर्धी होते.

पायरी ६: शेजारी शोधणं

सुरुवातीला प्रत्येक कणाचं अंतर इतर प्रत्येक कणाशी मोजा. नऊशेचा वर्ग, ८,१०,००० मोजण्या दर पावलाला. हळू आहे, पण बरोबर आहे. हा हळू प्रकार पुसू नका, बाजूला ठेवा.

मग टाकीवर ह एवढ्या चौकटींची जाळी टाका. कण कुठल्या चौकटीत ते काढायला जागेला ह ने भागून खालचा पूर्णांक घ्यायचा. शेजारी आता फक्त आपल्या आणि भोवतालच्या आठ, एकूण नऊ चौकटींत शोधायचे. दर चौकटीत साधारण नऊ कण, म्हणजे ८१ मोजण्या. नऊशे कणांच्या ७२,९००. अकरापट बचत. कण लाखभर झाले की हीच बचत बाराशेपटींच्या वर जाते, म्हणून ही पायरी टाळता येत नाही. जाळीची घनता आणि बाजूला ठेवलेल्या हळू प्रकाराची घनता ताडून बघा. एकाही कणात फरक दिसला तर बहुधा काठावरची चौकट सुटली आहे.

भाषेबद्दल विचारतात म्हणून सांगतो. साध्या पायथनच्या लूपमध्ये हे लिहिलंत तर एका सेकंदाचं पाणी तयार होईपर्यंत चहा होईल, कदाचित जेवणही. पायथनच हवी तर लूपवर नंबा, म्हणजे पायथनला वेग देणारी लायब्ररी, लावा. सी प्लस प्लस येत असेल तर प्रश्नच नाही. कुणाला काहीच येत नसेल तर मी जावास्क्रिप्ट सुचवतो: ब्राउझर घरात आहेच, कॅनव्हासवर ठिपके काढणं सोपं, आणि नऊशे कणांना वेगही पुरतो. एकच पथ्य पाळा, प्रत्येक कणाचं वेगळं ऑब्जेक्ट करू नका. एक्स, वाय, वेग, घनता यांचे वेगवेगळे सलग ॲरे ठेवा.

पायरी ७: भिंत

सोपी भिंत अशी: कण बाहेर गेला की आत आणा, वेगाची दिशा उलटवा आणि वेग निम्मा करा. पहिल्या दिवशी चालेल. पण भिंतीपलीकडे शेजारी नसल्यामुळे तिथेही घनता कमी भासते, आणि कण भिंतीला पापडासारखे चिकटतात.

नीट भिंत कणांचीच बांधतात. पोहोच तीन कणांची आहे, म्हणून तीन थर. हे कण घनतेत धरायचे, ढकलाढकलीतही धरायचे, फक्त हलवायचे नाहीत. त्यांचा दाब ज्या पाण्याच्या कणाला ते ढकलतायत त्याच्याइतकाच माना. एक मीटर लांब आणि ०.६ मीटर उंच टाकीला तळ आणि दोन भिंती मिळून ६७८ कण लागतात. नऊशे कणांच्या पाण्याला पावणेसातशे कणांचं भांडं! पहिल्यांदा ऐकून मलाही उधळपट्टी वाटली होती. मोठ्या टाकीत हे प्रमाण उतरतं. तरीही सोपी भिंत मागे राहू द्या, एखादा चुकार कण निसटला तर पकडायला.

पायरी ८: परीक्षा

आता टाकी पाण्याच्याच मापाची, ०.३ मीटर रुंद करा. भिंतीला लागून काठोकाठ पाणी भरा, गुरुत्वाकर्षण लावा आणि बघत बसा.

पाणी आधी स्प्रिंगसारखं खालीवर होईल. आपण त्याला दाबाशिवाय उभं केलंय आणि अचानक वजन टाकलंय, त्यामुळे तळाचा दाब २९४० ऐवजी जवळपास दुपटीला जाऊन परत खाली येतो. एक हेलकावा साधारण ०.०४ सेकंदांचा, आणि तो सहजासहजी मरत नाही. म्हणून पहिला एक सेकंद दर पावलाला वेग ०.९९९ ने गुणा. पाच हजार पावलांत हेलकावा विझतो. मग तो गुणाकार काढून टाका आणि आणखी दोन सेकंद चालू द्या.

कणांना घनतेप्रमाणे रंग द्या आणि तीन गोष्टी बघा. तळाच्या मधल्या कणाचा दाब २९०० च्या आसपास आहे का. पृष्ठभाग आडवा आहे का, की एका बाजूला चढलाय. आणि कण निवांत आहेत का, की पाणी तापल्यासारखे वळवळतायत. दाब निम्माच आला तर वस्तुमान किंवा गुरुत्वाकर्षण तपासा. वळवळ वाढत गेली तर पाऊल किंवा जागा-वेगाचा क्रम तपासा. कोपऱ्यातून कण गळत असतील तर भिंतीच्या कोपऱ्यात थर अपुरे आहेत, तिथे नेहमीच विसरतं.

ही परीक्षा पास होईपर्यंत पुढे जाऊ नका. मला यात दोन आठवडे गेले.

पायरी ९: आता फोडा धरण

टाकी परत एक मीटरची करा. पाणी डाव्या भिंतीला उभं, उजवीकडे ०.७ मीटर कोरडा तळ. प्रत्येक कण रांगेतून कणांतल्या अंतराच्या एक टक्काभर इकडेतिकडे हलवा, नाहीतर काटेकोर रांगा विटांच्या भिंतीसारख्या खचतात आणि ते पाणी वाटत नाही. मग सोडा.

या प्रयोगाला डॅम ब्रेक म्हणतात आणि तो या क्षेत्रातला नमस्कार-चमत्कार आहे. नाव ऐकून पुण्यातल्या जुन्या माणसांना १२ जुलै १९६१ चं पानशेत आठवेल. पण खरं धरण फुटल्यावर पाणी कुठल्या पेठेत किती चढेल हे असल्या सेंटीमीटरच्या कणांनी काढत नाहीत, तेवढे कण कुठल्याच संगणकात मावणार नाहीत. मैलोगणती दरीसाठी उथळ पाण्याची समीकरणं वापरतात. त्यातलंच एक जुनं उत्तर मात्र आपल्या कामाचं आहे: रिटर यांनी १८९२ मध्ये काढलं की कोरड्या तळावर पाण्याचं टोक २ × वर्गमूळ (९.८ × उंची) या वेगाने धावतं. आपल्यासाठी ३.४३ मीटर प्रति सेकंद. यात घर्षण धरलेलं नाही आणि टोक पहिल्या क्षणापासून पूर्ण वेगात मानलंय, म्हणून तुमचं पाणी यापेक्षा हळू जायला हवं. ०.७ मीटर पार करून ते ०.२ सेकंदांच्या आतच समोरच्या भिंतीवर आदळलं तर ऊर्जा फुकट शिरतेय असा संशय घ्या.

आदळल्यावर पाणी भिंतीवर चढेल, वळून मागे कोसळेल आणि एक लाट परत येईल. त्या कोसळण्याच्या जागी एकटेदुकटे कण हवेत दिसतील. त्यांना शेजारी नसतात, दाबही नसतो, फक्त गुरुत्वाकर्षणाने पडतात. ते तसंच असायला हवं.

पुढे

त्रिमितीत जायचं तर आकडे आधी बघा. वस्तुमान १००० × ०.०१^३ = ०.००१ किलो. स्थिरांक बदलतात. चौकटी नऊच्या सत्तावीस. मधल्या कणाच्या बेरजेत पंचविसांऐवजी ९३ कण. आणि तेवढ्याच उंचीचं पाणी नऊशे नव्हे, २७,००० कणांचं. दर पावलाचं काम शंभरपटींच्या वर. तिथे ग्राफिक्स कार्डाशिवाय मजा नाही.

आवाजाचा वेग खोटा ठेवायची लबाडी नको असेल तर घनता पुनःपुन्हा दुरुस्त करत दाब काढणाऱ्या पद्धती आहेत. त्यात पाऊल मोठं चालतं, कोड अवघड होतो. सिनेमातलं समुद्राचं पाणी बहुधा कण आणि जाळी दोन्ही मिसळलेल्या फ्लिप नावाच्या पद्धतीने करतात, तो वेगळा विषय.

तयार प्रणाली वापरून बघायची तर डुअलएसपीफिजिक्स आहे, आणि पवईच्या आयआयटी मुंबईत एरोस्पेस विभागात वाढलेली पायएसपीएच आहे. मुक्त आहे, पायथनमध्ये लिहायची, आतून वेगवान. पण ती उतरवाल तेव्हा तिच्या उदाहरणांतलं सगळ्यात देखणं चालवायच्या आधी तुमचीच ०.३ मीटरची टाकी तिच्यात बांधा, तळाचा दाब छापा आणि तुमच्या वहीतल्या आकड्याशेजारी लिहा.